हिरामणची डावी ओढ

आमच्या सकाळच्या बॅचमध्ये पूर्वी पोहणं नावापुरतंच होतं. तलावात दोन चकरा मारायच्या आणि बाहेरच्या टपरीवर मिसळ खात तासभर बसायचं. मग कुणीतरी सांगितलं, पुण्याला चाळिशीपुढच्यांच्या स्पर्धा असतात, आणि बॅचला वारं लागलं. मिसळ गेली, बिटाचा रस आला. पाण्यात अंग सुळसुळीत राहावं म्हणून बँकेतल्या सुनीलने अंगावरचा केस न् केस उतरवला, डोक्यासकट. घरी गेला तर बायकोने दारातच विचारलं, "कोण पाहिजे आपल्याला?" खोटं वाटत असेल तर तिला विचारा.

आमची कोच निकिता, वयाने आमच्या लेकींएवढी, चौघांची रिले टीम निवडत होती. तिघं ठरले. चौथ्या जागेसाठी दोघं भांडत होते: दातांचे डॉक्टर शेखर आणि मखमलाबादचा कोथिंबीरवाला हिरामण. हिरामणने तर निवडीआधीच भाजीबाजारात पेढे वाटले होते. जागा हुकली तर कोथिंबीर घेऊन थेट लांबचा नामपूरचा बाजार गाठावा लागला असता, इथे तोंड दाखवायची सोय नव्हती.

वेग म्हणाल तर तो गेला की मागे क्षणभर तलावाचा तळ कोरडा दिसायचा. पण गडी पोहायला शिकला मळ्यातल्या गोल विहिरीत. कडेकडेने डावीकडे वळत राहायचं, एवढंच अंगाला ठाऊक. तलावात उडी मारली की अर्ध्यातच वळायचा, दोऱ्यांखालून सगळ्या लेन ओलांडून निघाला तिथेच परत यायचा आणि विचारायचा, "पहिलाच ना मी?"

निकिताने कपाळाला हात लावला होता. तेवढ्यात एके सकाळी हिरामणची बायको भागीबाई डबा घेऊन आली. ही बाई मळ्यातून हाक मारते तेव्हा द्वारका चौकातले रिक्षावाले गाड्या कडेला घेतात. नवरा वाकडा चाललेला पाहून ती डाव्या काठावरून कडाडली, "आवो, तिकडं कुठं? जन्मात एक काम सरळ केलं नाय! मोटर चालू ठेवून आले तुमी, वाफे सारे वाहून गेले!"

पाण्याखाली हिरामण दचकला, उजवीकडे सरकला आणि तडक समोरच्या भिंतीला जाऊन भिडला.

"काकू," निकिता ओरडली, "रोज या!"

भागीबाई रोज आली. डाव्या काठाने चालत रोज नवं गाऱ्हाणं काढायची. निवडीच्या दिवशी डाव्या काठालगतच्या लेनमध्ये डॉक्टर, शेजारी हिरामण. एकच फेरी; समोरची भिंत आधी गाठेल त्याची जागा. शिट्टी झाली. भागीबाईने तोंड उघडलं, पण इतक्या दिवसांच्या मेहनतीने अर्ध्या वाटेत तिचा घसा बसला. नुसती हवा. तलावावर शांतता पसरली आणि हिरामण डावीकडे कलला.

डॉक्टर वीतभर पुढे होते. बघतात तर दोरीखालून हिरामणचं डोकं आत! त्यांनी मान वर काढून गर्जना केली, "हिरामणराव! ही काय तुमची सासुरवाडी आहे? कुठेही घुसता? व्हा तिकडे!"

हिरामण झटक्यात सरळ झाला. डॉक्टरांच्या उघड्या तोंडात मात्र अर्धा तलाव गेला. ते खोकून मोकळे होईपर्यंत हिरामणने भिंत गाठली.

"पुन्हा घ्या!" डॉक्टर तडकले. "माझा सगळा वेळ ह्यांना बोलण्यात गेला!"

"नियम नियम आहे, डॉक्टर. जागा काकांची," निकिता म्हणाली. मग हळूच, "पण काकूंचा आवाज गेलाय. पुण्याला काठावरून बोलणारं कोणीतरी हवं. तुम्हाला छान जमतं."

डॉक्टरांनी हिरामणकडे पाहिलं. तो दात काढून हसत होता.

"मला ह्या माणसाला मनसोक्त बोलायला मिळणार असेल," डॉक्टर म्हणाले, "तर मी स्वखर्चाने येतो."

भागीबाईने त्यांना पदराआडून जवळ बोलावलं आणि फाटक्या आवाजात सांगितलं, "हे माझ्या भावाच्या हळदीत रुसून बसले होते, तिथून धरा. दिवसभर पुरंल. पण डॉक्टर, शिवी नाय द्यायची. नवरा हाय माझा."