माझ्यावाचून झालेलं भाषण

मित्रांनो, माझ्या जाळीला पोचा आहे आणि मानेला चिकटपट्टी, पण हसू नका. मी एक जुना माइक आहे. जन्मलो तेव्हा कानावर पहिले शब्द पडले ते 'हॅलो, वन टू थ्री'. पुढे कामगार संघटनेच्या कचेरीत आलो. मोठमोठे पुढारी मला तोंडाशी धरून गरजले. टाळ्या त्यांना मिळाल्या, थुंकी मला. तरी मी ताठ असायचो. माझ्यावाचून यांचं पान हलत नाही, अशीच माझी समजूत होती.

गेल्या वर्षी एक मोठी परिषद ठरली. तिथे 'संघटित कामगार' या विषयावर परिसंवाद व्हावा म्हणून आमच्या सेक्रेटरीबाई सहा वर्षं मागे लागल्या होत्या. अखेर होकार आला, पण चार वक्ते बाईंनीच आणायचे होते. तीन मिळाले. चौथा शुक्रवारपर्यंत मिळाला नाही तर परिसंवाद रद्द, असं आयोजकांनी बजावलं. मी कपाटावरून सगळं बघत होतो. प्राध्यापक म्हणाले, "बघतो." म्हणजे नाहीच. वकिलांना सगळ्यांत शेवटी बोलायचं होतं. एका पुढाऱ्याने तर आपला फोटो केवढा छापणार, तेच विचारलं!

शुक्रवारी दुपारी बाईंनी फोन आपटला. समोर त्यांच्या आत्या बसल्या होत्या, डबा द्यायला आलेल्या. आत्यांनी बत्तीस वर्षं कापडगिरणीत माग चालवले होते. बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

"आत्या, तू बोलशील?"

"मी? अगं, चारचौघांत माझं तोंड उघडत नाही."

"मग गिरणीत युनियन उभी केली ती कुणी?"

"ती काय भाषणं ठोकून केली होय?" आत्या हसल्या. पण भाचीचं रडवेलं तोंड बघून हो म्हणाल्या.

परिषदेला बाई मलाही घेऊन गेल्या. तिथे तिघांची भाषणं झाली. मग आत्या उभ्या राहिल्या. मागच्या रांगेत त्यांच्या गिरणीतल्या जुन्या मैत्रिणी बसल्या होत्या. त्यांच्याकडे बघत आत्यांचे ओठ हलू लागले, हात हलू लागले. माझ्यात मात्र एक अक्षर येईना! मेलो, ऐन वेळी बिघडलो! लोक ओरडले, "आवाज! आवाज!" बाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

तेवढ्यात मागची एक म्हातारी उठली आणि तशीच, नुसत्या ओठांनी, उत्तरली. मग दुसरी उठली. मग सगळी रांगच उभी राहिली. हात फिरत होते, बोटं दिवस मोजत होती, एकजण तर खुदकन हसली. ओरडणारे लोक माना वळवून मागे बघू लागले.

मग आत्या माझ्याजवळ वाकल्या. "माग सुरू असले की कानाशी ओरडलं तरी ऐकू यायचं नाही. म्हणून आम्ही अशाच बोलायचो. संपाचा दिवस अस्साच ठरवला. साहेब आमच्या मधोमध उभे होते."

काय सांगू! माझ्या तारेतून शहारा गेला. एवढ्या भाषणांचा मी साक्षीदार, पण सगळ्यांत मोठं भाषण माझ्यावाचून झालं होतं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि बाई पदर तोंडाला लावून रडत होत्या.

मित्रांनो, मला पुसा, माझी वायर पिरगाळू नका, एवढं तर म्हणेनच. पण माझं काय, मी दुरुस्त होतो. त्या रांगेतल्या दोघी यंदा गेल्या. उरलेल्यांना जे विचारायचं असेल ते आजच जाऊन विचारा.