जुना पासवर्ड टाका

आठ काळे ठिपके — एका ओळीत, सारख्या अंतरावर, पोतीतून सुटलेले मणी कुणीतरी काचेवर मांडून ठेवावेत तसे — आणि त्यांच्या शेजारी एक बारीकसा डोळा. तो दाबला की ठिपक्यांच्या जागी अक्षरं दिसतात. राजेश्वरीने तो आजवर कधी दाबला नव्हता. बोटांना पाठ असलेली गोष्ट डोळ्यांना कशाला दाखवायची, आणि शिवाय इथे ऑफिसात, सगळ्यांसमोर, ती अक्षरं अशी उघडी येऊन उभी राहिली असती तर... तर काही झालं नसतं. ऑफिसात तिच्याशिवाय कुणी नव्हतं.

मंगळवार होता. मंगळवारी लोणावळ्याला माणूस येतो तो एकतर चुकून किंवा कंपनीच्या खर्चाने. बाजारातल्या दुकानांच्या वरच्या या दोन खोल्यांत बसून राजेश्वरी अनघाच्या बंगल्यांची बुकिंगं सांभाळत असे. अनघा पुण्यात असते, वयाने तिच्या मुलीएवढी. म्हणून तिला ताई म्हणते आणि काम सांगताना 'आपण' म्हणते. सकाळीच तिचा निरोप आला होता — "ताई, आपण आज संध्याकाळपर्यंत तो पासवर्ड मॅनेजर सुरू करूयात हं. कुठलाही, तुम्हीच ठरवा. फक्त तुमच्या सगळ्या डिव्हाइसवर चालला पाहिजे. आणि सगळीकडे एकच पासवर्ड ठेवणं आता प्लीज बंद! आपण काय मागच्या शतकात आहोत का?"

'आपण' म्हणजे राजेश्वरी. मागच्या शतकात तिचं लग्न झालं होतं, पण ते कारण निरोपाला उत्तर म्हणून देण्यासारखं नव्हतं.

सगळी डिव्हाइसं म्हणजे ऑफिसचा कॉम्प्युटर, तो चालतो असं म्हणायची पद्धत होती, तिचा फोन, आणि कान्ह्याला घरी पडलेला ॲपलचा टॅब, जो मानसी, तिची मुलगी, बंगळूरला जाताना 'आई, तुला होईल' म्हणून ठेवून गेली होती. या तिघांना एका छताखाली आणायचं होतं. तिने दुपारपर्यंत तीन मॅनेजर बघितले, स्थळं बघावीत तसे. कुलपाचं चिन्ह असलेला फुकट होता, पण फुकटात एकतर फोन सांभाळीन नाहीतर कॉम्प्युटर, दोघांचं जमणार नाही म्हणत होता. ब्राउझरमधला आयता होता, सवयीचा होता, फोनशी आणि कॉम्प्युटरशी त्याचं बरं होतं, फक्त टॅबला ओळख देत नव्हता... भावाभावांत असतं तसं. तिसऱ्याच्या चिन्हात ढाल होती. तो सगळीकडे चालायचा, वर्गणी मागायचा, आणि 'कुटुंब योजना घ्या, सहा जणांना परवडते' असा आग्रह करायचा. सहा जण. ती मनात नावं घेऊ लागली आणि मानसीपाशी थांबली; मानसीचा स्वतःचा मॅनेजर होता, नवरा होता, त्यांची त्यांची योजना होती. राजेश्वरीने खालचा छोटा पर्याय निवडला — 'एका व्यक्तीसाठी' — आणि ढालीने मुख्य पासवर्ड मागितला तेव्हा बोटांनी, दुसरं काही सुचायच्या आत, तेच आठ ठिपके तिथेही उमटवले.

ढालीने लगेच झडती घेतली. हा पासवर्ड अकरा ठिकाणी वापरला आहे, तिने लाल अक्षरांत सांगितलं. कमकुवत.

कमकुवत... असेल. तो तसाच असायला हवा होता. ह्यांच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली होती, म्हणून हे जन्मले तेव्हा सासूबाईंनी, चिमाबाईंनी, त्यांना सुपात घालून वडिवळ्याच्या उकिरड्यावर ठेवलं होतं, आणि शेजारणीने 'अगं बाई, केरात पोर सापडलं' असं मोठ्याने म्हणत ते परत आणून दिलं होतं. म्हणून केरबा. इतक्या टाकाऊ वस्तूकडे काळाची नजर जाऊ नये, एवढाच उद्देश. नाव जितकं कमकुवत, तितकं पोर सुरक्षित. ही व्यवस्था चौपन्न वर्षं बिनतक्रार चालली. ढाल तर वर्षाचीच वर्गणी घेत होती.

ह्यांना ते नाव आवडत नसे. कान्हे फाट्यावरच्या कारखान्यात ते के. टी. होते, मित्रांत के. टी., भाच्यांना के. टी. मामा. नावाने हाक मारायच्या त्या एकट्या सासूबाई, खाचराच्या बांधावरून — "केरबाऽऽ" — आणि त्या गेल्यावर कुणीच नाही. राजेश्वरीचा प्रश्नच नव्हता. ती 'अहो' म्हणे. लग्नातला एक उखाणा सोडला तर ते नाव तिच्या तोंडी आलं नव्हतं, आणि तोही सासूबाईंनी इतक्या घाईत उरकायला लावला की त्यात नाव होतं की नाही याचीच तिला खात्री नव्हती. मग बँकेचं कामकाज कॉम्प्युटरवर आलं, पासवर्ड काय ठेवू म्हणून तिने विचारलं, तेव्हा हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, "माझं नाव टाक. असलं नाव आता कुणाच्या डोक्यातच येणार नाही." तिने टाकलं. तोंडाने घ्यायचं नाही एवढाच नियम होता. बोटांबद्दल वडिवळ्यात कुणी काही बोललेलं नव्हतं. पुढे बँका कडक होत गेल्या तशी तिने पहिलं अक्षर मोठं केलं, मागे ॲट द रेट लावलं, मग एक, मग दोन... हयातीत ह्यांनी अंगठीसुद्धा घातली नाही, नावावर मात्र दागिने चढत गेले. हे गेल्यालाही आता तीन वर्षं होतील, आणि मी रोज — विजेचं बिल, बँक, बुकिंग, मानसीला फोटो पाठवायचं ते — रोज...

ती दचकली. पडद्यावर बुकिंगच्या खात्याने काहीतरी विचारलं होतं, 'सर्व उपकरणांतून बाहेर पडायचे का?', आणि तिने हो म्हणून टाकलं होतं. पाच मिनिटांत फोन वाजला. भुशीच्या बंगल्याची देखभाल बघणारा पवन.

"मॅडम, ह्यो बुकिंगचा टॅब मला भाईर काढतोय. लॉगिन मागतोय. आन हितं पावणं येऊन उभेत, कंपनीवाले, समद्यांच्या गळ्यात पट्टे."

"माझ्याकडूनच झालं ते. थांब, पासवर्ड सांगते."

"सांगा."

ती थांबली. तोंड उघडं होतं, शब्द तयार होता, आणि मध्ये काहीतरी आडवं आलं.

"मॅडम? न्हाईतर व्हॉट्सॲपला टाका की."

"पासवर्ड व्हॉट्सॲपवर टाकायचा नसतो," ती म्हणाली. हे तिने सकाळीच वाचलं होतं. इतक्या लवकर उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. "एकेक अक्षर घे. के, मोठा. मग सगळी बारीक. ई. आर. बी. ए."

"के... ई... आर..." पवन पुटपुटला, आणि मग एकदम उजळून ओरडला, "केरबा! केरबाच ना?"

पंखा फिरत होता. खाली रस्त्यावर कुणीतरी टेम्पो मागे घेत होतं.

"ऐकू नाही आलं," राजेश्वरी म्हणाली. "काय म्हणालास?"

"केरबा, मॅडम!"

"रेंज नाहीये रे इथे. परत म्हण."

फोनवरच्या रेंजच्या सगळ्या काड्या भरलेल्या होत्या.

"के-र-बाऽऽ!" पवन मोकळ्या आवाजात ओरडला, मोकळ्या जागेत उभं राहून ओरडतात तसा, आणि त्याच्यामागे कुणीतरी हसत विचारलं, "हू इज केरबा?"

"पासवर्ड हाय, सर," पवन म्हणाला. मग फोनमध्ये, "आवं मॅडम, कुटनं हुडकलंत ह्ये? लय जुनं काढलंत. आमच्या आज्याच्या बैलाचं असंल असलं नाव."

"पुढे ॲट द रेट, एक, दोन. उघडलं का?"

"व्हय, उघाडलं. ठिवतो."

तो ठेवून मोकळा झाला. तिने फोन कानालाच धरून ठेवला होता. दवाखान्यात नर्स म्हणाली होती, मावशी, नावानं हाक मारा, पेशंट कधीकधी नावाला डोळे उघडतो, आणि ती वाकून म्हणाली होती, "अहो... अहो, ऐकलंत का..." तेव्हा शेजारच्या खाटेवरचा अनोळखी गृहस्थ झोपेतच "ओ" म्हणाला होता. बिचारा. त्यालाही घरी तसंच बोलवत असतील. सगळा वॉर्डच त्या हाकेचा होता.

मग तिने काम सुरू केलं. ढाल प्रत्येक ठिकाणी एक नवा पासवर्ड सुचवत होती, अक्षरांचा नुसता चिवडा, ज्याला कुणी आई नाही बाप नाही. पण तो बसवायच्या आधी प्रत्येक ठिकाणी एक चौकोन यायचा: जुना पासवर्ड टाका. ती टाकायची. बरोबर, असं यायचं. हिरवी खूण. मग चिवडा. मग पुढचं ठिकाण, जुना पासवर्ड टाका — बँक, बिल, गॅस, रेल्वेचं तिकीट — एका दुपारी इतक्या वेळा तिने ते कधी टाकलं नव्हतं, आणि दर वेळी पलीकडचं ते ओळखत होतं, बरोबर म्हणत होतं, आणि ओळखलं की पुसत होतं. आठवड्यातून एकदा भेटणाऱ्या माणसांना एकाच दिवशी निरोप देऊन यावं, तशी ती दमली. आता यापुढे कुठेच काही टाकायचं नव्हतं. फोनला अंगठा, टॅबला अंगठा, बाकी ढाल बघून घेणार होती.

चार वाजता एकच जागा उरली: ढाल स्वतः. तिचाही मुख्य पासवर्ड कमकुवत होता. तिने जुना टाकला, बरोबर आला, आणि मग ढालीने इथे काहीच सुचवलं नाही. हा तुम्हालाच लक्षात ठेवायचा आहे, ती म्हणाली; विसरलात तर आम्हीही काही करू शकत नाही. पती, मुलं, पाळीव प्राणी यांची नावं टाळा. इतर कुणालाही माहीत नसलेलं काहीतरी निवडा.

कुणालाही माहीत नसलेलं. तिने खूप वेळ शोधलं. तिच्याजवळचं जे काही होतं ते सगळं सगळ्यांना माहीत होतं, बसची वेळ, गुडघा, मानसीचा सुट्टीला न येणं... आणि मग लग्नातलं ताट आठवलं. ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने नव्या सुनेचं नाव लिहायचं. ह्यांनी लिहायला घेतलं ते संपेचना, राजेश्वरी, शेवटचं अक्षर ताटाच्या काठावर चढलं आणि कारखान्यातला कुणी मित्र ओरडला, "के. टी., परात मागव, परात!" नंतर कधीतरी हे म्हणाले होते, मला मिळालं ते मिळालं, निदान घरात एक तरी भारी नाव असावं. आणि मग जन्मभर तिला 'अगं' म्हणाले.

त्याच्या आधी ती सविता होती. करंजगावची सविता. आईवडील गेले, भाऊ अक्का म्हणतात, मानसीला विचारलं तर तिला एखादवेळेस आठवेलही, प्रश्नमंजूषेत विचारल्यासारखं. तिने टाकलं. सविता. चौकोनाखालची पट्टी लालच राहिली. मग पुढे गाव जोडलं, सगळं, आणि पट्टी हिरवी झाली. मजबूत, ढाल म्हणाली.

खाली दुसरा चौकोन उघडला. खात्रीसाठी पुन्हा एकदा टाका.

राजेश्वरीने हात मांडीवर घेतले. आपण ह्या सविताला त्या तांदळाखाली ठेवून आलो, आणि एकदाही चौकशी केली नाही... कशी झाली असेल ती आता? गुडघा तिचाही दुखत असेल? ती अहो म्हणाली असती का कुणाला — कोण जाणे, बांधावर उभी राहून सरळ हाक मारली असती तिने, आणि केरबाने काय केलं असतं, रागावला असता केरबा, की नुसता वळून बघत राहिला असता — आणि मग तिच्या लक्षात आलं की हे वाक्य आपल्या मनात असंच आलं, न अडखळता, एकेरीत, बाहेरच्या माणसाबद्दल यावं तसं. आणि तो बाहेरचा माणूस तिला थोडा परका वाटला, थोडा तरुण, आणि त्याच्याविषयी आपल्याला फारसं काही ठाऊक नाही असं वाटलं. ठाऊक करून घ्यावंसं वाटलं. ते कुणाला विचारायचं हे मात्र कळेना.

रिकाम्या चौकोनात एक उभी रेघ दिसत होती, जात होती, दिसत होती. राजेश्वरी तिच्याकडे बघत राहिली, दारात आलेल्या माणसाला या म्हणावं की कोण हवंय म्हणून विचारावं, हे न ठरलेल्या बाईसारखी.