लोव्हिनापुढची चांदणी

“घर चुकला नाहीत, बाई. लोव्हिना मीच,” असं म्हणत तिने सफरचंदाच्या फोडी ओवलेला दोरा चुलीवरच्या खिळ्याला अडकवला.

जेरुशा पेकबाई दारातच थबकल्या. सदुसष्टाव्या वर्षी, टपालगाडीतून बारा मैल हाडं खिळखिळी करून त्या कनेटिकटच्या या डोंगरगावात आल्या होत्या. त्यांची विद्यार्थिनी लोव्हिना आता साठी ओलांडलेली असायला हवी होती. ही तर जेमतेम त्रेचाळीसची.

पेकबाईंची मुलींची शाळा बंद पडून वीस वर्षं झाली होती. तरी हट्टाने त्यांनी १८११ सालच्या पहिल्या तुकडीतल्या एकतीस जणींची यादी छापायला घेतली होती: कोण कुठे आहे, काय करते. आपलं शिकवणं कुणाच्या तरी कामी आलं, एवढं त्यांना मरण्याआधी पाहायचं होतं. माग काढणं सोपं नव्हतं. लग्न झालं की नाव जाई, नवरा ओहायोला गेला की ठावठिकाणा जाई. पत्रांची उत्तरं आली ती बहुतेक नवऱ्यांची, त्यातली काही दुसऱ्या बायकोच्या हस्ताक्षरात. गेलेल्यांच्या नावापुढे चांदणी काढायची रीत होती. तीस जणींचा पत्ता लागला, त्यात बावीस चांदण्या. उरलेल्या आठ जणींनी कळवलं, शाळेतलं आता काही आठवत नाही.

राहिली लोव्हिना स्पॅफर्ड. सोळाव्या वर्षी तिने पाटीवर चंद्रग्रहणाची वेळ काढली होती, पंचांगाशी अवघ्या तीन मिनिटांचा फरक. गावच्या पोस्टमास्तरांनी लिहिलं होतं, लोव्हिना आहे, ठणठणीत आहे, असाहेल टटलची बायको आहे. ते पत्र पेकबाईंनी कितीदा वाचलं असेल.

“तुम्ही माझ्या थोरल्या बहिणीला शोधताय,” चुलीपाशची बाई म्हणाली. “ती गेली अठराशे तेराच्या मार्चात. छातीचा ताप. ऑगस्टात मी झाले. नाव रिकामंच होतं, ते मला दिलं.”

पेकबाई बाकावर बसल्या. मेलेल्या लेकराचं नाव पुढच्याला द्यायची चाल घरोघरी होती. त्यांच्या स्वतःच्या भावंडांत दोन सायलस होते. तरी हे त्यांच्या ध्यानात आलं नाही, कारण त्यांना ते आणायचंच नव्हतं.

“मला कुणी कळवलं नाही.”

“वडील तुमचं नाव काढू देत नसत. पोरीला पाठवा म्हणून तुम्हीच गळ घातली होती ना? शाळेत पोरी माळ्यावर निजायच्या म्हणे, बिनविस्तवाच्या.” तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच पेकबाईंना सोसवेना. “एक शिकून गेली, आता दुसरी घरीच राहील, असं म्हणाले. बायबल वाचते मी अडखळत. लिहिता नाही येत.”

एका मुलीचा माग काढायला पेकबाई आल्या होत्या, आणि त्यांनी बुडवल्या होत्या दोन.

“तिच्या वह्या असतील?”

“रजई शिवताना आईने त्यांच्या कागदांचे चौकोन कापले, कापडाच्या तुकड्यांना आतून आकार द्यायला. आतच राहिले. माझी सहाही लेकरं त्याच रजईत वाढली. कूस बदलली की कुरकुरते अजून.” तिने सफरचंदाच्या गरम सायडरचा पेला पुढे केला. “आई मला हाक मारायची ना, तेव्हा माझ्या मागे बघायची. मरेपर्यंत.”

पेकबाईंनी यादी उघडली आणि लेखणी शाईत बुडवली.

“काय करताय?”

“गेलेल्यांपुढे चांदणी काढतात.”

बाईने हात पुसले, वाकून एकेक अक्षर लावलं. “लो-व्हि-ना... हे छापणार?”

“हो.”

“मग नका काढू. नाव माझंही आहे, आणि मी जिती आहे.” नावावर बोट ठेवून ती म्हणाली, “नाहीतर माझं नाव कुठे छापून यायचंय?”

अंदाजे लिहू नका, नेमकं लिहा, असं पेकबाईंनी जन्मभर पोरींना बजावलं होतं. तरी त्यांनी चांदणी काढली नाही. पुढचा रकाना होता, सध्या काय करते.

“काय लिहू?”

“लिहा, सफरचंदं वाळवते.”

त्यांनी तसंच लिहिलं. बाई शाई वाळेपर्यंत बाजूला उभी राहून बघत होती.