घ्या, अजून एक

मेहुण्याने बाकाची पाठ एक खाच खाली आणली, हाताने दाबून पाहिली आणि मगच जावईबापूंना आडवं व्हायला सांगितलं.

"जास्त उभी केली की सगळा भार खांदेच खातात, भावोजी. वरची छाती उपाशी राहते. खांद्याची पाती मागे ओढा, बाकात रुतवा. पाय जमिनीवर घट्ट."

जावईबापूंनी निमूटपणे पाती ओढली. मेहुणा सोडला तर सासरचे सगळे त्यांना याच नावाने हाक मारत आणि त्यांनाही ते आवडे. मेहुण्याची स्वतःची जिम, पण लग्नाला इतकी वर्षं झाली तरी त्याने कधी या म्हटलं नव्हतं. आज आपणहून फोन आला, तेव्हाच त्यांच्या मनात पाल चुकचुकली होती. पण नाही म्हणावं, तर चोराच्या मनात चांदणं.

मेहुण्याने दोन बोटं त्यांच्या गळ्याखालच्या आडव्या हाडाशी, हासळीशी टेकवली.

"दांडा या हाडाच्या जरा खाली आणायचा. लागलं तर इथंच लागलं पाहिजे. खांद्यात नको."

जावईबापूंच्या बायकोचं, म्हणजे मेहुण्याच्या ताईचं, तेच हाड परवा मोडलं होतं. हात झोळीत घालून ती घरी बसली होती. मेहुण्याची बोटं तिथं जरा जास्तच वेळ राहिली, असं त्यांना वाटलं.

"कोपरं फाकवू नका. अंगठा दांड्याभोवती हवाच, नाहीतर निसटतो. झेपेनासं झालं की 'घे' म्हणा, मी घेतो. तोवर हात लावणार नाही."

पहिला सेट सोपा गेला. "घ्या, अजून एक," मेहुणा डोक्यामागून म्हणत होता, नेहमीच्याच अदबीने. खालून त्याचा चेहरा उलटा दिसत होता, आणि उलट्या चेहऱ्यावरचं हसू ओळखता येत नाही. शेवटचा माणूस टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर पडला. दार मेहुण्याने ओढून घेतलं, मोबाइल पाहिला आणि शेजारच्या खुर्चीवर ठेवला.

"ताई कुठं पडली म्हणालात?"

"जिन्यावरून. ओला होता."

"आईला बाथरूम सांगितलंत."

"तेच ते. बाथरूममधून ओल्या पायांनी निघाली नि जिन्यात घसरली." जावईबापू हसले. "तुझी ताई म्हणजे धांदरटच."

"लहानपणी झाडावर चढायची," मेहुणा म्हणाला. "कधी पडली नाही."

त्याने दोन्ही बाजूंना एकेक चकती चढवली.

"एवढं कशाला? पहिलाच दिवस आहे."

"झेपेल की. हातात जोर आहे तुमच्या."

दांडा एकदा वर गेला. दुसऱ्यांदा जाताना हात थरथरले. "घ्या, अजून एक." तिसऱ्यांदा तो खाली आला, हाडावर टेकला आणि तिथंच बसला. जावईबापूंनी सगळा जीव एकवटला, पण तो तसूभर हलेना.

"घे," ते म्हणाले.

मेहुण्याची बोटं दांड्याखाली होती, केसभर अंतरावर. ती हलली नाहीत.

"घे रे."

"तूच घे."

इतक्या वर्षांत त्याने कधी अरेतुरे केलं नव्हतं. जावईबापू घाबरले. दांड्याला घाबरले त्याहून जास्त त्या एका 'तू'ला घाबरले. परवा दाराच्या चौकटीशी ताईही असाच एक शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होती. सोडा. अहो, सोडा. आता त्यांच्या तोंडून तेवढाही शब्द फुटेना.

खुर्चीवरचा मोबाइल थरथरला. मेहुण्याने मान वळवून वाचलं. मग दोन्ही हातांनी दांडा उचलला आणि आवाज न करता जागेवर ठेवला.

"आईचा मेसेज आहे. ताईला घेऊन निघाली, सामानासकट." तो चकत्या उतरवू लागला. "सावकाश उठा, भावोजी. एकदम उठलात तर चक्कर येईल. आणि घाई कसली, घरी कुणी नाहीये."

जावईबापूंचा हात आपसूक हासळीकडे गेला. लागलं होतं, बरोबर तिथंच.