एक पिन, दोन धनी

मी एक जुनी पिन आहे. मित्रांनो, कपड्याला टोचतात तसली नव्हे; डब्यांची झाकणं कापणाऱ्या प्रेसमधल्या एका काळ्या चिपचा, तांदळाच्या कणीहून बारीक पाय म्हणजे मी.

चिपला पाय थोडे आणि कामं फार, म्हणून माझ्या माथी दोन कामं होती: प्रेसच्या जाळीचं दार उघडलं का ते ऐकायचं, नाहीतर एखादा दिवा लावायचा. एका वेळी एकच. तो निवाडा कर्नेल करी, म्हणजे यंत्राच्या आतला कारभारी प्रोग्रॅम. मला आधी मागेल त्याची मी. दुसरा आला की कर्नेल त्याला दारातूनच परत पाठवी.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्या बाईंनी मला दाराच्या कामाला लावलं. दार उघडलं की प्रेस जागीच थांबे. सहा वर्षं प्रेसवर मावशी होत्या, साऱ्या कारखान्याच्या मावशी. त्यांच्या नखालाही कधी धक्का लागला नाही.

मग साहेबांना दर झाकणाला लुकलुकणारा हिरवा दिवा हवासा झाला. दिव्याच्या प्रोग्रॅमने मला मागितलं. कर्नेलने नकार दिला.

"पिन दाराकडे आहे," बाई म्हणाल्या. "दिव्याला नवा बोर्ड लागेल. महिना जाईल."

"पाहुणे सोमवारी येतायत. तो नकार काढून टाका."

"मग दार उघडलेलं कळणार नाही, साहेब."

"मावशी काय कुक्कुलं बाळ आहेत?"

बाईंनी नकार काढून टाकला. मावशींना कोणी काही सांगितलं नाही.

सोमवारी दिवा झकास लुकलुकला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मंगळवारी एक झाकण अडकलं. मावशींनी सवयीने दार उघडून हात आत घातला. मी तेव्हा दिवा लावत होते.

तीन बोटं गेली.

चौकशी प्रेसशेजारीच झाली. "चालू यंत्रात हात घालतं का कोणी?" साहेब म्हणाले. "शुद्ध हलगर्जीपणा."

मावशी पट्टीतला हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "दार उघडलं की थांबतं ना हो ते? बाई, तुम्हीच शिकवलंत ना मला?"

बाईंनी मान खाली घातली. "मला आठवत नाही," त्या म्हणाल्या.

मावशींना घरी बसवलं. आता त्यांच्या जागी एक नवी ताई आहे, आणि मी अजून दिव्याकडेच आहे. मित्रांनो, नुसती धूळ पुसणं म्हणजे यंत्राची काळजी नव्हे. माझी धूळ रोज पुसतात. कोणी 'नाही' म्हणालं, तर का म्हणालं ते आधी विचारा. त्या ताईला दाराचं अजून कोणी सांगितलेलं नाही. मला वाचा नाही. बाईंना आहे, आणि त्या रोज तिच्या शेजारून जातात.