माझ्यात कासव नाही

मी एक कोरा गाळणकागद बोलतोय. आकार शेवपुरीच्या पुरीएवढा, रंग पांढरा, कर्तृत्व शून्य.

भांडुपच्या टेकडीखाली एक तळं आहे. शेजारच्या सोसायटीला तिथे पार्किंग हवंय. तळं मेलेलं आहे, असं सेक्रेटरी अनिरुद्ध सांगतात; त्यांनी ते गाडीच्या काचेतून तपासलंय. जपण्याजोगा एखादा जीव सापडला तरच भराव थांबणार होता. काठावर राहणारे चंदरकाका म्हणायचे, "कासव आसा. माका ठावक आसा." पण काकांचा शब्द म्हणजे काही रिपोर्ट नव्हे.

म्हणून संशोधक कल्पिता आली, बाटल्या आणि हातपंप घेऊन. प्रत्येक प्राणी पाण्यात स्वतःचे कण सोडतो. ते पाणी कागदातून गाळायचं आणि कागदावर अडकलेला डीएनए प्रयोगशाळेत वाचायचा. माझ्या जोडीदाराला तळ्याचं पाणी मिळालं. मला मात्र प्रयोगशाळेतून आणलेलं शुद्ध पाणी. गाळणाऱ्याच्या हातून काही लागलं का, हे कळावं म्हणून असा एक कोरा कागद ठेवतात. थोडक्यात, काहीच न सापडणं ही माझी नोकरी. अशी नोकरी मुंबईत पुष्कळांना असते.

गाळण्याआधी काकांनी डबा उघडला. "आधी दोन घास खा गो. बांगड्याचा तिखला थंड जातला."

कल्पिता मूळची मालवणची. तिने बोटं चाटली, ओढणीला पुसली आणि हातमोजे पिशवीत सुखरूप ठेवून आम्हा दोघांना उचललं. एम.एस्सी. फर्स्ट क्लास!

रिपोर्ट आला. जोडीदारावर कासव. आणि बांगडा! समुद्रातला मासा, भांडुपच्या तळ्यात.

मीटिंगमध्ये अनिरुद्ध खूश. "मॅडम, पुढच्या वेळी सुरमई पण काढा ना! फेका तो रिपोर्ट."

काका खाली मान घालून पुटपुटले, "माझ्या डब्यान वाट लावली." तेव्हा मात्र मला टोमणा सुचला नाही. फार वाईट वाटलं.

मग कल्पिताने रिपोर्टातलं माझं पान काढलं. माझ्यावरही बांगडा होता.

"बांगडा माझ्या हाताचा, सर. चूक माझी. पण कासवही हाताचंच असतं, तर या कोऱ्या कागदावर आलं असतं. बघा, इथे नाहीये."

अनिरुद्धनी पान दोनदा वाचलं. भराव थांबला.

माझा अर्धा भाग तपासणीत विरघळला, उरलेला फ्रीजरमध्ये कुडकुडतोय. फ्रीजर साफ करताना मला रिकामा समजून टाकू नका. कासव माझ्यात नाही, म्हणूनच ते तळ्यात राहिलं.