काट्यावरची कोंबडी

कोंबडीबाजारात त्या सकाळी सुऱ्या थांबल्या होत्या. कापणारे, पिसं उपटणाऱ्या बायका, गिऱ्हाईकं, सगळे पिंजऱ्यांवर चढून, बाजारात मुक्कामाला आलेल्या चमत्कारी बाबांकडे माना लांबवून पाहत होते. बाबांनी एक पांढरी कोंबडी फळीवर उताणी ठेवली, छातीवर तळहात दाबला आणि डोळे मिटले.

"गेली," ते म्हणाले. "प्राण माझ्या मुठीत आहे. आत्ताच बघून घ्या, नंतर म्हणाल बाबा फसवतो."

त्यांनी हात काढला, तरी कोंबडी लाकडासारखी पडून होती. मग बाबांनी फुंकर मारली, टाळी वाजवली. कोंबडी उठून पळाली. तिच्याहून जास्त माणसं फडफडली.

"ताप काय अन् साथ काय, एका फुंकरीचं काम. तिकडे दवाखान्यात नाकात काड्या घालतात. प्राण काय नाकात अडकलाय?"

सगळे माझ्याकडे बघून हसले. काड्या घालणारी मीच. पक्ष्यांचा फ्लू माणसांत उतरतोय का हे पाहायला मी पिंजऱ्यांतले आणि कामगारांच्या नाकातले नमुने घेते. बाजारात माझं नाव नाकवाली.

पोत्यांना टेकून कोंबड्या तोलणारा काटेवाला दादा धापा टाकत होता. अंग तापलेलं, ओठ काळवंडलेले. त्याची बायको पिसांच्या ढिगाशेजारी हात जोडून उभी होती.

"वहिनी, दादांना आज तरी न्या. औषध लवकर सुरू झालं तरच उपयोग."

"बाबांनी मेलेली उठवली, ह्यांना तर नुसता ताप आहे. तुझ्या काडीनं काय उठतं गं? शिंक."

मी दादाजवळ बसले. "दादा, एक कोंबडी तोलून दाखवा."

"आत्ता?"

"एकच. नेहमीसारखी."

त्याने बसल्या बसल्या हात लांबवून कोंबडी ओढली, काट्याच्या ताटलीत उताणी टाकली, छातीवर तळहात दाबला आणि हात काढला. कोंबडी निपचित. अशी टाकली की सुई हलत नाही. या बाजारातला प्रत्येक काटेवाला असंच तोलतो. मी टाळी वाजवली. कोंबडी उडी मारून पळाली.

"दादा, ही मेली होती का?"

"छे, मरते कशाला. दाबून धरली की भीतीनं गार पडते. हे तर मी रोज..." तो थांबला.

शिकाऱ्याच्या तावडीत सापडलेला पक्षी मेल्यासारखा पडून राहतो, इतकीच ही विद्या. सगळ्यांनी ती जन्मभर पाहिली होती. पण काट्यावर नजर सुईवर असते, कोंबडीवर नाही.

"माझी मेलेलीच होती," बाबा म्हणाले.

मी हातमोजे घालून कोपऱ्यातला पिंजरा पुढे ओढला. आतल्या कोंबडीचा तुरा निळाकाळा पडला होता, मान लोंबत होती. "ही तर अजून जिवंत आहे, बाबा. काम सोपं. ठेवा हात."

बाबांनी हात शालीत ओढून घेतला. "त्या कोपऱ्यातल्या नकोत."

"का?"

"सांगितलं ना, नकोत."

अख्ख्या बाजारात रोगावर श्रद्धा होती ती एकट्या बाबांची.

"धरा की बाबा, चावत नाही," एक कापणारा म्हणाला. बाबा मागे सरता सरता पाणी भरलेल्या टोपात बसले, उठले आणि ओल्या धोतरानिशी पळाले. लोक पोट धरून हसले. त्या हसण्यात नवऱ्याच्या काखेत हात घालून त्याला उचलू पाहणारी वहिनी कुणाला दिसली नाही. मी वळले तेव्हा ती दोनदा पडली होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "ताप कधीपासून?"

"बाबा आले त्याच्या आधीपासून," वहिनी म्हणाली.

डॉक्टरांनी दादाच्या नाकात काडी घातली. नमुन्यात पक्ष्यांचाच फ्लू निघाला. औषध दिलं, पण तोवर फुप्फुसं भरली होती. दादा गेला. त्याच्यावर फुंकर मारायला, टाळी वाजवायला बाबा आले नाहीत.

चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी दोन गोष्टी बघा. हे आपण आधी कुठे पाहिलंय? आणि चमत्कार करणारा कशाला हात लावत नाही?

आता काट्यावर वहिनी बसते. परवा एक गिऱ्हाईक ताटलीत वाकून म्हणालं, "अहो, ही मेली की."

"टाळी वाजवा, उठेल," वहिनी म्हणाली. "मेलेलं उठत नाही. मी करून पाहिलंय."

मग तिने माझ्याकडे तोंड केलं आणि मी सांगायच्या आधीच मान मागे टाकली. "घाल गं काडी."